‘ध’ कोणाचा आणि ‘मा’ कोणाचा?



इतिहासातील एखाद्या गाजलेल्या खुनावर बोला, असे ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस सुचविले, तेव्हा प्रथम नवल वाटले. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावोगावच्या वाचनालयांत, रात्री युनियनच्या कचेरीत आणि बाजार समितीच्या ओट्यावर बसून झाले. सारा जन्म हमाल, मापारी आणि कारखान्यांतले कामगार ह्यांच्या संघटनेत गेला. अशा माणसाने पेशवाईवर काय बोलावे? परंतु विषय मनातून जाईना. त्याचे कारण शेवटी सांगू.

खून म्हटला की माणसे कान टवकारतात. सुरा कोणाच्या हाती होता, गोळी कोणी झाडली, हे कळले की ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि गोष्ट संपते. आम्हांस मात्र तेथून पुढे खरी गोष्ट सुरू होते असे वाटते. सुरा धरणाऱ्यास पाठविले कोणी? आणि पाठविणाऱ्याने नेमके काय सांगितले होते? ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी सबंध मराठी मुलखात एकच म्हण झाली आहे. ती म्हणजे ‘ध चा मा करणे’. आज तिच्याचविषयी बोलावयाचे आहे.

ही गोष्ट पुण्यात घडली, सायखेड्यात नव्हे. पण आपल्या गावाशी तिचा संबंध नाही असे मात्र समजू नका. आपल्या घाटावर उभे राहून वर पाहिले तर ह्याच गोदावरीच्या काठी नाशिकपलीकडे आनंदवल्ली आहे. तेथे रघुनाथराव पेशव्याने वाडा बांधला, आणि तेथेच त्याची पत्नी आनंदीबाई १७९४ साली वारली. खाली पाहिले तर ह्याच पाण्याच्या वाटेवर कोपरगाव आहे. तेथे रघुनाथरावाने ११ डिसेंबर १७८३ रोजी देह ठेवला. उत्तरेस चांदवड तालुक्यात धोडपचा किल्ला आहे. तेथे १७६८ साली पुतण्या माधवराव आणि चुलता रघुनाथराव ह्यांची लढाई होऊन चुलता कैद झाला. म्हणजे ह्या भाऊबंदकीची सुरुवात आपल्या डोंगरात आणि शेवट आपल्या नदीकाठी. मधला रक्ताचा भाग तेवढा पुण्यात घडला.

रघुनाथराव हा काही क्षुद्र माणूस नव्हता. १७५८ साली मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली ती त्याच्या मोहिमेत. पण पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेब पेशवे वारले आणि गादी त्यांचा मुलगा माधवराव ह्याच्याकडे गेली. चुलत्याच्या मनात ते कायमचे सलले. धोडपच्या पराभवानंतर माधवरावाने त्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरास क्षयाने वारला आणि धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्याचे वय तेव्हा १७ वर्षांचे. पोर उतावळे होते, शब्दाला तिखट होते, आणि कोणाचा सल्ला कधी घ्यावा ह्याची समज अजून यावयाची होती. चुलत्यावरचा पहारा अधिक कडक झाला. एकाच वाड्यात एक पेशवा आणि पेशवेपणाची आस धरलेला एक कैदी असे दोघे राहू लागले.

आता गारद्यांकडे वळू. गारदी म्हणजे कवायत शिकलेले पगारी पायदळ. वाड्यावर पहाऱ्यास हेच असत. जातीने, धर्माने, मुलखाने ते नाना प्रकारचे. कोणी उत्तरेकडचा, कोणी हिंदू, कोणी मुसलमान. ना त्यांना जमीन, ना वतन, ना पुण्यात सोयरेधायरे. महिन्याचा पगार हाच त्यांचा आणि राज्याचा संबंध. आणि तो पगार थकला होता. ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत येते व वाचणारा पुढे जातो. आमच्यासारखा माणूस मात्र तेथेच अडतो. ज्याच्या हाती बंदूक दिली आहे आणि ज्याच्या घरी पैसा गेलेला नाही, असा माणूस पहाऱ्यावर उभा करणे म्हणजे काय, हे पेशव्यांच्या दरबारात कोणास उमगले नाही. रघुनाथरावाच्या माणसांस मात्र ते पुरते उमगले. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग ह्या गारदी सरदारांशी बोलणे झाले. लाखांच्या रकमा आणि किल्ले देऊ करण्यात आले. ठरले असे की नारायणरावास धरावे आणि रघुनाथरावास मोकळे करावे.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस. त्या दिवशी सकाळी पर्वतीवर गेला असता पेशव्यास दग्याची कुणकुण लागली होती, आणि त्याने हरिपंत फडक्यांस बंदोबस्ताविषयी सांगितलेही होते, असे जुने लेख सांगतात. बंदोबस्त जेवणानंतर करू, असे ठरले. दुपारी पेशवा विश्रांतीस गेला असता गारदी आरडाओरडा करीत वाड्यात शिरले. तोंडी मागणी कसली? थकलेल्या पगाराची! आधी वाटेत आलेल्यांस त्यांनी कापले. नारायणराव जिवाच्या आकांताने धावला तो थेट चुलत्याच्या दालनात, आणि त्याच्या कमरेस मिठी मारून बसला. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द तेव्हाचे म्हणून महाराष्ट्र आजही सांगतो. तुळाजी पवार नावाच्या रघुनाथरावाच्याच खिदमतगाराने त्यास ओढून काढले. चापाजी टिळेकर नावाचा इमानी सेवक पोराच्या अंगावर आडवा पडला; गारद्यांनी दोघांवरही वार केले. नुकतीच अठरा वर्षे पुरी केलेला पेशवा तेथेच गतप्राण झाला. त्या घटकाभरात वाड्यातली आणखी दहाएक माणसे मेली. त्यांत कारकून होते, खिदमतगार होते, कुणबिणीही होत्या. त्यांची नावे कोणी म्हणीत गुंफली नाहीत.

पेशवाईची द्वाही रघुनाथरावाच्या नावाने फिरली.

ह्यापुढे जे घडले त्यासाठी आम्ही ह्या गोष्टीस मोठी मानतो. राज्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी आरंभिली. हे शास्त्रीबोवा मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. तरुणपणापर्यंत ते सावकाराच्या घरी चाकरीस होते आणि अक्षरओळख बेताचीच होती. पुढे काशीस जाऊन उशिराने विद्या केली, असे सांगतात. उशिरा शिकलेल्या माणसाविषयी आम्हांस थोडा पक्षपात आहे, तो आपण माफ करावा. पण विचार करा. नोकरी धन्याची, पगार धन्याचा, आणि चौकशी धन्याचीच! आमच्या कारखान्यांतल्या खातेनिहाय चौकशीत चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला असतो आणि निकाल आधी टंकलिखित होऊन तयार असतो, हे आम्ही किती वेळा पाहिले! रामशास्त्र्यांनी मात्र आठवडेच्या आठवडे खपून माणसांची यादी उभी केली. गो. स. सरदेसाई ह्यांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे ती पन्नासच्या घरात जाते, आणि तीत गारदी अवघे १३. बाकीचे कोण? कारकून, मुत्सद्दी, कारभारी. बहुतेकांनी हत्यारास हातही न लावलेला.

म्हणजे ‘गारद्यांनी मारले’ हे वाक्य खरे असूनही अपुरे होते. शास्त्रीबोवा पायरी पायरीने वर चढत गेले, आणि सर्वांत वरच्या पायरीवर त्यांस गादीवर बसलेला धनी दिसला. ह्या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी रघुनाथरावास तोंडावर सांगितले आणि पुण्याचे पाणी सोडले, अशी परंपरा आहे. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने आणि प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने तो प्रसंग घरोघर नेला.

आता शिक्षा कोणास झाल्या ते पाहा. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईचा कट करून रघुनाथरावास पदच्युत केले. नारायणरावाच्या मागे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्याच्या पत्नीस, गंगाबाईस, मुलगा झाला, आणि तोच सवाई माधवराव पेशवा म्हणून बसविला. मग गारद्यांचा शोध झाला. महंमद इसाफ सापडला व मारला गेला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयास गेले होते. तेथून त्यांस परत आणवून हालहाल करून ठार केले. आणि रघुनाथराव? तो इंग्रजांकडे गेला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्याने तह केला, साष्टी आणि वसई देऊ केली, आणि त्यातून इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध पेटले. एका घरातल्या खुनापायी दोन्हीकडची सामान्य माणसे सात वर्षे मरत राहिली. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात त्याची सोय लागली. दरमहा २५,००० रुपये नेमणूक, आणि राहावयास गोदेचा काठ. गारद्याचा पगार थकला म्हणून जो खून घडवून आणता आला, त्या खुनाच्या मुख्य धन्यास महिन्याची नेमणूक तहाच्या कलमात लिहून मिळाली!

मग लोकांनी दोष दिला कोणास? आनंदीबाईस. हुकुमात ‘नारायणरावांस धरावे’ असे होते, बाईने ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. बाई करारी होती, लिहिती-वाचती होती, नवऱ्याच्या हक्कासाठी झगडणारी होती, ह्यात शंका नाही. परंतु तिच्या हाताने खाडाखोड झाली असे निर्णायकपणे दाखविणारा समकालीन कागद पुढे आलेला नाही. कथा आहे ती बखरींची आणि पुढच्या काळाची. हा मूळ गुन्हा अशा रीतीने आजतागायत अनिर्णित आहे. अक्षर कोणी बदलले? आनंदीबाईने, एखाद्या कारकुनाने, की मुळात ‘धरावे’ असे कधी म्हटलेच नव्हते आणि म्हटल्याचे मागाहून सांगण्यात आले?

आमचे म्हणणे असे की ह्या प्रश्नात आपण अडीचशे वर्षे अडकून पडलो हीच रघुनाथरावाची खरी जीत आहे. अक्षराचा वाद सुरू झाला की हुकुमाचा वाद मागे पडतो. कागदावर खाडाखोड करणारी बाई सापडली की कागद पाठविणारा पुरुष केवळ दुर्दैवी ठरतो.

चौकशी किती पायऱ्या चढते हे चौकशी करणाऱ्याच्या मनावर असते. त्याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तो जागीच पकडला गेला. मारेकरी कोण हा प्रश्नच नव्हता. तरी सरकार थांबले नाही. पिस्तूल कोठून आले हे शोधीत ते थेट लंडनपर्यंत पोहोचले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले, आणि शेकडो कोस दूर असलेल्या सावरकरांस त्या प्रकरणी साहाय्य केल्याबद्दल जन्मठेप झाली. देशासाठी झालेले ते कृत्य आणि शनिवारवाड्यातला दगा ह्यांची आम्ही तुलना करीत नाही. सांगावयाचे इतकेच की, सत्तेस जेव्हा वर चढावयाचे असते तेव्हा तिला समुद्रही आडवा येत नाही.

आणि उलट उदाहरण आमच्या चळवळीतले. छत्तीसगडच्या खाणकामगारांचे पुढारी शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईस झोपेत असता खिडकीतून गोळी घालून मारले गेले. खालच्या न्यायालयाने १९९७ साली गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाह ह्यास फाशी आणि दोन उद्योगपतींसह आणखी पाच जणांस जन्मठेप सांगितली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांस सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पल्टन मल्लाहला जन्मठेप दिली. इतरांविरुद्ध पुरावा पुरेसा ठरला नाही आणि त्यांची सुटका कायम राहिली. न्यायालय पुराव्यावर चालते आणि तसेच ते चालले पाहिजे. पुराव्यावाचून कोणास दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांसही नाही. पण भाडोत्री म्हणून ओळखला गेलेला मारेकरी तुरुंगात, आणि त्यास भाडे देणारा कायद्याच्या दृष्टीने कोणीच नाही, असा हा हिशेब आहे. हुकूम तोंडी असला की त्यास ‘ध’ ही नसतो आणि ‘मा’ ही नसतो.

आता आरंभी राखून ठेवलेले कारण सांगतो. ते सांगितल्यावाचून वरचे सारे बोलणे उसने ठरेल.

तीसएक वर्षांमागे एका कारखान्याच्या संपात आम्ही फाटकावर होतो. संप एकविसाव्या दिवसात गेला होता. घरांतून चुली थंड पडू लागल्या होत्या. पोती वाहणारा एक वयस्क हमाल मागच्या बाजूने कामावर जातो, असे कळले. रात्री आम्ही दोन तरुण पोरांस बोलावले आणि म्हणालो, “उद्या त्याला अडवा. बघा त्याचं काय ते.” इतकेच शब्द. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात मनगटापाशी मोडला. पुढे तो हात बरा झाला, पण त्याने पोते उचलले नाही ते नाहीच.

पोलिसांनी पोरांवर खटला भरला. फौजदाराने आम्हांस विचारले, “तुम्ही काय सांगितलं होतं?” आम्ही म्हणालो, “अडवा म्हणालो. मारा म्हणालो नाही.” आमचे अक्षर न् अक्षर खरे होते. फौजदाराने लिहून घेतले आणि आम्ही घरी आलो. पोरांपैकी एक जण जामिनावर सुटून आला तो दारातच उभा राहिला. म्हणाला, “अण्णा, तुम्हीच म्हणले व्हते ना, बघा त्याचं? आम्ही बघितलं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरोखरच विचारीत होता की त्याचे चुकले काय.

त्या हमालाच्या घरी जाण्यास आम्हांस तीन महिने लागले. त्याच्या बायकोने पाट दिला, पाणी दिले, आणि मग विचारले, “भाऊ, तुम्ही सांगितलं व्हतं का मारायला?” तिला तरी ‘नाही’ असे आमच्याने म्हणवले नाही. ‘होय’ ही म्हणवले नाही. तो हमाल स्वतः काही बोलला नाही. आमचे नाव त्यास ठाऊक नव्हते असे नाही. त्याने ते पोलिसांस सांगितले नव्हते इतकेच.

त्या दिवसापासून रघुनाथराव आम्हांस परका वाटेनासा झाला. उपाशी, संतापलेल्या, तरण्या पोरांस रात्री बोलावून ‘बघा त्याचं’ म्हणणारा माणूस नंतर ‘मी अडवा म्हणालो’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. खऱ्याचा आडोसा घेत असतो. थकल्या पगाराच्या हत्यारबंद माणसांस लाखांचे आमिष दाखवून ‘धरावे’ म्हणणाऱ्याने त्या क्षणीच ‘मारावे’ म्हटलेले असते. अक्षर मग कोणी बदलो न बदलो. रामशास्त्र्यांचे मोठेपण आमच्या मते येथे आहे. ‘ध’ कोणाचा आणि ‘मा’ कोणाचा ह्या चर्चेत ते गुंतले नाहीत. गारद्यांस बोलावले कोणी, त्यांस देऊ काय केले, आणि पोर मिठी मारून रडत असता हात कोणी आखडता घेतला, एवढे त्यांनी पाहिले. तेवढ्यावर निवाडा होत होता, आणि तो त्यांनी दिला.

आम्हांस निवाडा द्यावयास कोणी रामशास्त्री आला नाही. म्हणून एक नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आणि आजवर पाळला. कोणत्याही लढ्यात कार्यकर्त्यांस सांगावयाचे ते दिवसा, सर्वांसमक्ष आणि पुरत्या शब्दांत सांगावयाचे. काय करावयाचे नाही हेही त्याच शब्दांत सांगावयाचे. आणि जे घडेल त्याखाली पहिली सही आपली करावयाची. त्या दोन पोरांचा खटला आम्ही शेवटपर्यंत लढलो. पण शिक्षा त्यांनी भोगली, आम्ही नव्हे, हे हिशेबात तसेच बाकी आहे.

उद्या सकाळी आपल्यापैकी कोणी घाटावर गेले तर क्षणभर उभे राहावे. आनंदवल्लीकडून येणारे पाणी आपल्या पायरीला लागून कोपरगावाकडे जाते. एका काठी जिच्या माथी सारा दोष आला ती बाई वारली, आणि दुसऱ्या काठी ज्याने नेमणूक घेतली तो धनी वारला. आपण मधल्या गावची माणसे. आपल्या हाताखाली कोणी ना कोणी असतोच. शेतावरचा सालदार असेल, दुकानातला पोऱ्या असेल, संघटनेतला तरुण कार्यकर्ता असेल. त्यास आपण रोज काही ना काही सांगतो. सांगताना एवढे पाहावे की आपले अक्षर त्यास बदलावे लागणार नाही, आणि बदललेच तर त्याचा धनी आपणच आहोत.